बुटांची तोंडं कुणीकडे

दिवसाढवळ्या झोपणारा धडधाकट पुरुष मी लग्नाआधी पाहिला नव्हता. आमच्या कोकणात दुपारचं लवंडणं होतं, पण ते चोरून. कुणी पाहिलंच तर "छे, झोपलो कुठे, नुसती पाठ टेकली होती" असं म्हणायची पद्धत होती. सकाळी घरी यायचं, दार लोटायचं आणि लख्ख उन्हात अंगावर चादर ओढून "आता मी झोपतो" असं जाहीर करायचं, हा प्रकार मी लग्नानंतर महिन्याभरात पाहिला. करणारा माझा नवराच होता, त्यामुळे मला तिकीट न काढता पहिल्या रांगेत जागा मिळाली.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कासारवाडीत रेल्वे लाइनीच्या अंगाला एक बैठी चाळ होती. खोल्यांच्या समोरासमोर दोन ओळी, मध्ये बोळ, बोळाच्या टोकाला नळ. माणसं मराठवाड्यातली, सातारकडची, आमचे हे चाकणजवळच्या खेड्यातले आणि मी समुद्राकाठची. पुरुष सगळे कंपनीत. प्रत्येकाची कंपनी वेगळी, पण बोलताना सगळे नुसतं "कंपनी" म्हणायचे, जणू आकाशात सूर्य एक तशी जमिनीवर कंपनी एक.

आणि कंपनीत शिफ्ट. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाइट. सगळ्यांचं चक्र सारखं फिरायचं नाही. त्यामुळे सकाळी आठ वाजता एका खोलीत माणूस दात घासत असे, दुसऱ्या खोलीत जेवून ढेकर देत असे आणि तिसऱ्या खोलीत घोरत असे. एकाच रंगमंचावर तीन अंक एकदम चालू! मला ते इतकं आवडलं की नळावर पाणी भरायला जाताना मी मुद्दाम हळू चालायची आणि उघड्या दारांतून जे दिसेल ते बघून घ्यायची. नवी सून मान खाली घालून चालते, असा चाळीत माझा लौकिक झाला. मान खाली होती, डोळे नव्हते.

आमच्या खोलीत तिसरं माणूस होतं, माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. नव्या सुनेला मार्गाला लावायला म्हणून त्या गावाहून आल्या होत्या. मार्ग बराच लांब निघाल्यामुळे त्या राहिल्या होत्या.

यांची पहिली नाइट लागली तेव्हा आत्याबाईंनी सकाळच्या जेवणाचा ताबा स्वतःकडे घेतला. पोरगं रातभर राबून येणार, त्याला भरपेट घातलं पाहिजे. बाजरीच्या भाकरी, झुणका, ठेचा, कांदा, वर तांब्याएवढ्या पेल्यात उकळून काळा झालेला चहा. हे यायचे ते डोळे तांबडे करून. कंपनीच्या कॅन्टीनमध्येही मध्यरात्री पोटभर जेवलेले असायचे, कारण तिथलं ताट स्वस्त होतं आणि स्वस्त ताट टाकून उठणं आमच्या पिढीला शिकवलेलं नव्हतं. त्यावर ही सकाळची पंगत.

"आये, पुरे."

"पुरे कसं? ऱ्हाऊ दे का एवढी एकच? खा गुमान."

मग हे आडवे व्हायचे आणि छातीवर हात चोळत कुशी बदलायचे. जरा डोळा लागतोय म्हणेपर्यंत दारावर थाप. नदीपलीकडून, रहाटणीहून एक भाजीवाली यायची. तिचा आवाज असा होता की मेथीची जुडी आपोआप सुटावी. ती आमच्याच दारात बसायची आणि "ए नवी नवरी, घे की गं वांगी!" म्हणून साद घालायची. ती गेली की कल्हईवाला. तो गेला की शेजारची मुलं. मग कुणीतरी यांचा मित्र, "काय राव, जागा हायेस ना?" म्हणत थेट आत. रेल्वेची मालगाडी भिंती हलवत जायची, तिला हे दाद द्यायचे नाहीत. पण माणसाच्या आवाजाला दरवेळी दचकून उठायचे. चार वाजता कुठे खरी झोप लागायची आणि दिवेलागण झाली रे झाली की आत्याबाई त्यांना हलवून उभं करायच्या.

"ऊठ. दिवं लागायची येळ झाली. ह्या वक्ताला आडवं माणूस दिसलं की लक्ष्मी उंबऱ्यावरनं माघारी जाती."

हे उठून भिंतीला टेकून बसायचे. लक्ष्मीला दिसावं म्हणून डोळे मात्र उघडे ठेवायचे. तिने त्या डोळ्यांत पाहिलं असतं तर ती घाबरूनच माघारी गेली असती.

त्या आठवड्याच्या शेवटी एका सकाळी हे आले आणि नळावर हात धूत बसले. किती वेळ धुवावेत? मी टॉवेल घेऊन उभी. ते हात उलटेसुलटे करून बघत होते, बाजारातून नवेच आणल्यासारखे.

"काय झालं हो?"

त्यांनी आधी मागे पाहिलं, आत्याबाई आत होत्या. मग हळू म्हणाले, "प्रेसवर होतो. हात आत होता. डोळा मिटला."

प्रेस म्हणजे काय ते त्यांनी मला आधी एकदा ताट-वाटी मांडून समजावलं होतं. पत्र्याचा तुकडा हाताने साच्यात ठेवायचा, हात बाहेर काढायचा, पायाने पेडल दाबायचं, की वरून हत्तीएवढं वजन खाली येतं आणि पत्र्याचं झाकण तयार होतं. क्रम एवढाच. हात आधी, पाय नंतर.

"मग?"

"मग काय. पेडल दाबलं गेलं नाही, म्हणून हा टॉवेल घ्यायला हात आहे." त्यांनी टॉवेल घेतला. "आयेला बोलू नकोस, माझी शपथ. आजच्या आज बोचकं बांधून मला गावाला नेईल."

मी बोलले नाही. पण त्या दिवसापासून हे घरी आले की माझी नजर चेहऱ्याच्या आधी हातांकडे जायची.

पुढची नाइट दोन आठवड्यांनी येणार होती. तेवढ्या मुदतीत या माणसाला दिवसा झोपवायचं कसं, हे मला शोधून काढायचं होतं. वैद्य-डॉक्टर परवडण्यासारखे नव्हते आणि झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडे जाणं तेव्हा श्रीमंतांचं लक्षण होतं. पण माझ्याकडे उपजत चौकसपणा होता, ज्याला माहेरी भोचकपणा म्हणत. मी विचार केला, चाळीत इतके नाइटवाले आहेत, ते सगळे काही डोळे तांबडे करून फिरत नाहीत. ते काय करतात?

मी हेरगिरी सुरू केली. तांदूळ निवडायचं सूप घेऊन बोळात बसायचं आणि बघत राहायचं. पहिल्याच दिवशी एक चमत्कार दिसला. समोरच्या ओळीतल्या दोन खोल्यांतले पुरुष त्या आठवड्यात नाइटला होते, आणि त्या दोन्ही दारांपुढे शांतता! गोट्या खेळणारी मुलं तिथे आली की पाय न वाजवता पुढे सरकायची. कल्हईवाला तिथून मुक्याने जायचा. आणि ती रहाटणीची भाजीवाली, जी आमच्या दारात रणशिंग फुंकायची, ती तिथे पाटी डोक्यावर धरून चोरपावलांनी चालायची, मांजरीने शिकावं अशी.

आमच्यावरच हा राग का? नवीन आहोत म्हणून? मी तांदूळ सोडून भाजीवालीकडे बघत राहिले. तेव्हा लक्षात आलं, ती प्रत्येक दाराशी आली की आधी खाली बघायची. मग ठरवायची, ओरडायचं की नाही. खाली काय होतं? उंबरा. उंबऱ्याशी काय? चपला, आणि कंपनीने दिलेले ते जड काळे बूट, पुढे लोखंडी टोपी बसवलेले. पुरुष घरी असलेल्या सगळ्या दारांत तेच बूट.

मी सूप बाजूला ठेवलं आणि बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. या वेळी मान खरोखर खाली होती. शांत दारांपुढच्या बुटांची तोंडं आत होती, घराकडे. बडबड्या दारांपुढच्या बुटांची बाहेर, बोळाकडे.

मी तशीच शेवटच्या खोलीत गेले. तिथल्या वहिनी मराठवाड्याच्या, चाळीत सगळ्यांत जुन्या. भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "वहिनी, बुटांची तोंडं आत का?"

त्यांचा हात परातीत थांबला. "म्हणजे तुला माहीत नाही? अगं, आत म्हणजे माणूस झोपलाय, गप जा. बाहेर म्हणजे जागाय, या बसा. गाव सोडून आल्यापासून हेच चाललंय की इथं." मग त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि एकदम हसत सुटल्या, पदर तोंडात कोंबून. "अगं बाई! आन् आमी म्हणतोय, तुझ्या नवऱ्याचे बूट रोज बाहेर तोंड करून! नाइट करून येतो आन् दिवसभर जागाच! नळावर रोज चर्चा की गं. नवीन लगीन हाय म्हटलं, असंल."

मी लाजले की हसले ते आता आठवत नाही. कान मात्र तापले होते.

झालं असं होतं, की आमच्या माहेरी घरच्या पुरुषाच्या वहाणा झटकून, पुसून, तोंड बाहेर करून ठेवायची रीत होती. निघताना वळवाव्या लागू नयेत, पाय सरळ आत जावा. ही बाईमाणसाची माया समजली जायची. हे सकाळी दमून यायचे, बूट कसेही काढायचे. मी मायेने ते पुसायची, जोडायची आणि तोंडं बाहेर करून ठेवायची. म्हणजे नवरा झोपला रे झोपला की मी स्वतःच्या हाताने दारावर पाटी लावत होते, 'या, ओरडा.'

वहिनींचे यजमान आतल्या बाजूला चहा पीत बसले होते. तेही प्रेसवरचे, दुसऱ्या कंपनीतले. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. त्याच हाताने कप धरून ते नेहमीचा विनोद करायचे, "माझी दोन बोटं कंपनीत परमनंट झाली, मी अजून टेंपररीच." चाळ हसायची, मीही हसले होते. त्या दिवशी मला हसू आलं नाही. त्यांनी ते पाहिलं असावं, कारण कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुमचे मालक सकाळी खातात काय?"

मी भाकरी-झुणका-ठेच्यापासून चहापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, सकाळी एवढं भरलं की पोट ड्यूटीवर जातं. पोट ड्यूटीवर आन् माणूस झोपंल का? काहीतरी हलकं द्या. जेवण दुपारी, उठल्यावर. रातच्याला कॅन्टीनचं ताट सोडा म्हणावं, घरनं थोडकं न्या. चहा जायच्या वेळी, यायच्या वेळी नाही. आन् संध्याकाळी जायच्या आधी पुन्हा एकदा पाठ टेकायची. पहाटेला जी पापणी पडती ना, ती ह्या झोपंनं पडत न्हाई." त्यांनी कप पुन्हा उचलला. "मला हे उशिरा कळलं."

हलकं काहीतरी! कोकणातल्या मुलीला हे सांगावं लागतं? पुढच्या नाइटच्या पहिल्या सकाळी मी यांच्यापुढे पेज ठेवली. मऊ तांदळाची, वर चमचाभर तूप, बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड.

हे ताटलीकडे बघत म्हणाले, "मी आजारी आहे का?"

आत्याबाई गरजल्या, "आगं ही बाळंतिणीचं जेवण वाढती माझ्या लेकाला! रातभर लोखंड उचलतोय त्यो!"

"आत्याबाई, भाकरी दुपारी वाढते की. चार खाऊ देत. आता एवढंच." मी इतक्या गोड आवाजात बोलले की माझं मलाच नवल वाटलं. हे दमलेले होते, वाद घालायची ताकद नव्हती. निमूट प्यायले. मी बूट पुसले, जोडले आणि तोंडं आत केली. खिडकीला आत्याबाईंचं जुनं लुगडं चौपदरी करून टांगलं.

मग मी सूप घेऊन उंबऱ्यात बसले. भाजीवाली आली. खाली पाहिलं, थबकली, माझ्याकडे पाहिलं आणि मला चक्क डोळा मारून, चोरपावलांनी पुढे गेली. आत हे झोपले होते. नुसते आडवे नव्हते, झोपले होते. मी मध्ये मध्ये जाऊन बघून यायची. गाढ झोपलेल्या माणसाचा चेहरा किती वेगळा असतो हे मी तेव्हा पहिल्यांदा निवांत पाहिलं. कपाळावरची आठी आधी जाते, मग जबडा सुटतो, सगळ्यात शेवटी हाताची मूठ उघडते. यांची बोटं उघडली तेव्हा सकाळचे दहाही झाले नव्हते. दुपारी उठून ते चवीने जेवले, आत्याबाईंना चौथी भाकरी मागून त्यांनी खूशही केलं. कॅन्टीनचं ताट सोडायला कुरकुरले, पण माझ्या डब्यातली दशमी आणि चटणी खाऊन मशीनवर जांभई आली नाही, असं दुसऱ्या सकाळी आपण होऊन म्हणाले.

राहिली संध्याकाळची झोप. आणि तिच्या आड लक्ष्मी उभी होती.

पहिल्या संध्याकाळी हे आडवे झाले, आणि दिवेलागणीला आत्याबाईंनी त्यांना हलवून उठवलं. दुसऱ्या संध्याकाळी तेच. मी विनवून पाहिलं. "आज एक दिवस राहू दे."

"न्हाई. माझ्या घरात दिवं लागताना कुणी निजलेलं न्हाई. माझा सासरा तापानं फणफणला व्हता, तरी उठून बसला व्हता."

यांनी शपथ घातली होती, त्यामुळे खरं कारण माझ्या जिभेच्या टोकापर्यंत येऊन माघारी जायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी सांगितलं, पहाटे पुन्हा जरा जड झालं होतं. फार नाही, जरासं. ते 'जरासं' मला पुरेसं होतं. शपथ मोडायची नव्हती, पण शपथेला वळसा घालायला कुणाची बंदी होती? ऊन कलताना मी आत्याबाईंना म्हटलं, "चहाची पूड संपली. शेवटच्या खोलीतल्या वहिनींकडून आणता का? मी गेले तर त्या बोलत बसतात."

माझा बेत साधा होता. वहिनींनी आत्याबाईंना बोलण्यात गुंतवावं, दिवेलागण टळून जावी आणि हे तेवढे झोपावेत. घडलं ते माझ्या बेतापेक्षा मोठं. आत्याबाईंनीच रात्री मला ते सांगितलं. वहिनी नळावर होत्या. त्यांचे यजमान फर्स्ट शिफ्ट करून आले होते, त्यांनीच चहा टाकला आणि आत्याबाईंच्या हातात कप दिला. आत्याबाईंची नजर त्या हातावर गेली. इतके दिवस त्यांनी त्या माणसाला लांबून, बोळातूनच पाहिलं होतं.

"कशानं झालं रं बाबा?"

"प्रेसनं, मावशी."

"आन् माझ्या लेकाचं मशीन?"

"प्रेसच की."

"कसं झालं पर?"

"झोप आली व्हती," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही.

आत्याबाई परत आल्या तेव्हा चहाची पूड आणायला विसरल्या होत्या. बाहेर उजेड मावळत होता. नळावर बायकांची लगबग होती, घरोघरी दिवे लागत होते. मी चुलीपाशी उभी राहून भांडणाची तयारी करत होते. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं, दोन ठिकाणी डोळ्यांत पाणी आणायचंही ठरवलं होतं.

त्या थेट यांच्यापाशी गेल्या आणि खाली बसल्या. हे कुशीवर झोपले होते, एक हात चादरीबाहेर, पंजा उघडा. आत्याबाईंनी त्या पंजाकडे पाहिलं. हात लावला नाही. नुसतं पाहत राहिल्या, अंगणात वाळत घातलेल्या धान्यावर नजर ठेवतात तसं. मग उठल्या. देवळीतला दिवा काढला, वात पुढे सारली, पेटवला. बांगड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं होतं. दिवा घेऊन त्या उंबऱ्याशी आल्या.

माझं पाठांतर वाया चाललं होतं. मला राहवलं नाही. "आत्याबाई, लक्ष्मी माघारी जाईल ना?"

त्यांनी खाली बुटांकडे पाहिलं. एक बूट जरा तिरका झाला होता. त्यांनी वाकून तो सरळ केला, दोन्ही तोंडं उंबऱ्याला नीट टेकवली.

"बुटांची तोंडं आत हायती," त्या कुजबुजल्या. "तिला कळतंय. यील हळूच."

रात्री हे आपले आपण उठले. दिवा पाहून गडबडले. "आये, दिवा लागला? मला उठवलं नाहीस?"

"ऊठ, जेव. आन् बेतानं जेव," आत्याबाई म्हणाल्या. "तिकडं त्या कॅन्टीनात हादडू नगंस."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डबा भरण्यात अगदी बुडून गेले होते.

त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं यांनी नाइट केली. आत्याबाई चाळीतच राहिल्या आणि पेजेच्या एवढ्या भक्त झाल्या की नव्याने येणाऱ्या सुनांना त्याच ती शिकवायला लागल्या, वर "आमच्याकडची जुनी रीत हाय" असंही सांगायच्या. मी कधी मध्ये बोलले नाही.

आता आम्ही रहाटणीला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. हे निवृत्त झालेत, दिवसभर घरीच. दुपारी झोपायचं काम आता माझ्याकडे आलं आहे, आणि मी ते उघडपणे, चादर ओढून करते. मी आडवी झाले की हे बाहेर जाऊन माझ्या चपलांची तोंडं आत करतात. या इमारतीत ती खूण कुणाला ठाऊक नाही. बेल वाजतेच. मग हे धावत जाऊन दार फटीएवढं उघडतात. मी डोळे किलकिले करून बघत असते. बाहेरच्या माणसाला गप्प करायला ते ओठांवर बोट ठेवतात, उजव्या हाताचं.